सोलापूरचा कुर्बान हुसेन आणि बेत साहूरच्या गाई

गाझाचा विषय निघाला की आमच्या इंदापूर-बारामतीकडच्या बैठकीत दोन तट पडतात. परवा जुम्याच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर तेच झालं. बारामतीत कॉलेजला जाणारा एक पोरगा म्हणाला, “चाचा, दगडानं रणगाडा अडतो का? समोरचा बंदूक रोखून उभा असताना संप आणि मोर्चे काढून काय मिळणार?” शेजारी बसलेले निवृत्त मास्तर म्हणाले, “मग बंदुकीनं तरी काय मिळालं?” दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मला आधी आठवलं ते सोलापूर.

आपल्याच हमरस्त्यावर, इंदापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या या शहरानं हा प्रश्न १९३० मध्ये स्वतःच्या अंगावर झेलला आहे. त्या वर्षी ६ एप्रिलला, मिठाचा कायदा मोडला गेला त्याच दिवशी, सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा चढला. ५ मे रोजी गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरण्यांचं ते गाव बंद पडलं. ८ मे रोजी लोक शिंदीची झाडं तोडायला रूपाभवानीकडं निघाले. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. जमावाचा संयम सुटला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटली, पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जळाली.

पुढचे काही दिवस शहरात पोलीस नव्हते. बंदोबस्त आणि रहदारी काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. मग १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणं आणि झेंडा लावणं हेही गुन्हे ठरले.

‘गझनफर’ हे वर्तमानपत्र चालवणारा, गिरणी कामगारांत वावरणारा अब्दुल रसूल कुर्बान हुसेन तेव्हा जेमतेम विशीत होता. चौकीवरच्या पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात त्याला गोवण्यात आलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासोबत त्याला १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. सोलापूरचा चार हुतात्मा चौक त्यांचाच.

एप्रिल ते मे या महिन्याभरात सरकारची स्थिती कशी बदलली ते पाहा. नगरपालिकेवरच्या झेंड्याला आणि बंद गिरण्यांना काय उत्तर द्यावं हे सरकारला कळत नव्हतं. चौकी जळाली आणि लष्कर आणायला निमित्त मिळालं. सुरुवात पोलिसांच्या गोळीनं झाली, हे खरंच. पण तिची किंमत सगळ्या शहरानं मोजली.

त्याच वसंतात, २३ एप्रिलला, पेशावरच्या किस्साखानी बाजारात खान अब्दुल गफ्फार खान यांच्या अटकेविरुद्ध पठाण रस्त्यावर आले होते. ज्यांच्या घराघरात बंदूक असायची, असे हे लोक. त्यांच्यावर गोळ्या चालल्या, माणसं पडली. पण गढवाली पलटणीच्या चंद्रसिंह गढवालींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गोळी झाडायला नकार दिला. निःशस्त्र माणसाची ताकद असते ती इथं. समोरच्या फौजेतच ती फूट पाडू शकते.

पॅलेस्टिनींना हे ठाऊक नव्हतं असं समजू नये. १९३६ मध्ये त्यांनी ब्रिटिशांविरुद्ध सहा महिने संप चालवला. पुढं उठाव शस्त्रांवर गेला, ब्रिटिशांनी तो १९३९ पर्यंत चिरडला, आणि १९४८ चा नकबा आला तेव्हा समाजाचं नेतृत्व आधीच मोडलेलं होतं. गांधीजींनी १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिलं, त्यात अरबांनी अहिंसेचा मार्ग धरायला हवा होता असं म्हटलं, पण इतक्या विषम लढाईत त्यांनी केलेल्या प्रतिकाराला दोष द्यायला ते तयार नव्हते.

१९८७ च्या डिसेंबरमध्ये पहिला इंतिफादा सुरू झाला. दगड होतेच, पण त्याहून मोठी होती बंद दुकानं, न भरलेले कर आणि घरात भरणाऱ्या शाळा. बेथलेहेमजवळच्या बेत साहूर गावानं इस्रायली दुधावर बहिष्कार घालायचा म्हणून अठरा गाई आणल्या. आपल्या दूधपट्ट्यातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नवल हे की लष्करानं त्या गाईंना सुरक्षेला धोका ठरवलं आणि शोधमोहीम काढली. गाव कर भरेना म्हणून १९८९ मध्ये वेढा पडला, घराघरांतलं सामान जप्त झालं. त्या वर्षांत इस्रायललाही बोलणी टाळता आली नाहीत. १९९१ ला माद्रिद, १९९३ ला ओस्लो.

दुसऱ्या इंतिफाद्यात बसमध्ये, हॉटेलांत बॉम्ब फुटले. सामान्य इस्रायली मेले आणि २००२ पासून भिंत उभी राहू लागली. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसं मारली गेली, त्यांत बहुसंख्य नागरिक. त्यानंतर गाझात जे झालं, त्याला कुठलंही निमित्त पुरेसं नाही; पण निमित्त दिलं गेलं. आणि नफा-तोट्याआधी हा दीनचा प्रश्न आहे. बायका, मुलं, म्हातारे यांना मारू नका, ही हजरत अबू बकर यांनी फौजेला दिलेली ताकीद शत्रू जालीम असला म्हणून रद्द होत नाही.

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि २०१८?”

त्याचं बरोबर होतं. ३० मार्च २०१८ पासून गाझातले हजारो लोक दर शुक्रवारी कुंपणाकडं चालत गेले. बहुतेकांच्या हातात काही नव्हतं. पुढच्या काळात त्यांतले दोनशेहून अधिक गोळ्यांनी मेले. फौजेतून कुणी चंद्रसिंह पुढं आला नाही, आणि जगानं मान वळवली. निःशस्त्र माणसाची लढाई बघणारे असतील तरच पुढं सरकते. ते नसतील तर बंदूकवाल्याचं म्हणणं पोरांना पटायला लागतं.

मास्तर गप्प होते. मीही. त्या शुक्रवारीही आम्ही जुमा करून याच टपरीवर चहा प्यायलो होतो. गाझाचा विषय तेव्हा निघाला नव्हता.