नळीच्या पोटातली पेरणी



वैजापूर तालुक्यात पाऊस बेभरवशाचा. नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याचे पाणी ज्या रानाला लागत नाही, तिथे विहिरीच्या थोडक्या पाण्यावर कपाशी जगवायची, तर ठिबकच्या काळ्या नळीचा मोठा आधार. ही नळी ऐन हंगामात चिरली, की पीक हातचे जाते. एकाची नळी वर्षानुवर्षे टिकते, दुसऱ्याची लवकर तडकते. असे का? त्याचे एक कारण नळीच्या पोटातल्या पेरणीत दडलेले आहे. ती पेरणी माणसाने कशी ओळखली, त्याची ही हकीकत.

1920 साली हेरमान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सांगितले, की रबरासारखे पदार्थ म्हणजे लहान रेणू जोडून झालेल्या लांबलचक साखळ्या होत. पुष्कळांना ते पटेना. अखेर 1953 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात एकाच साखळीत दोन जातींचे रेणू गुंफण्याची विद्याही साधली होती. अशा साखळीला सहबहुवारिक म्हणतात.

आता शेताकडेच पाहा ना! एकाने चार ओळी बाजरी, एक ओळ तूर अशी पेरणी केली. दुसऱ्याने दोन्ही बियाणे कालवून फोकले. तिसऱ्याने सगळी तूर बांधाकडे लावली. बियाण्याचे माप तिघांचे एकच. पण शेते एकसारखी का? माप म्हणजे साखळीचे संघटन, आणि ओळींचा क्रम म्हणजे तिची सूक्ष्मरचना.

1944 साली मेयो व लुइस यांनी गणिताने दाखविले, की कारखान्याच्या हंड्यात घातलेले माप साखळीत जसेच्या तसे उतरत नाही. साखळीचे वाढते टोक कोणत्या रेणूला लवकर धरते, त्यावर ते ठरते. म्हणजे तयार मालच तपासायला हवा.

पण तपासायचा कसा? तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबरात दोहोंपैकी एकाच घटकात नायट्रोजन असतो. तो मोजला की माप कळते. ठिबकच्या नळीत मात्र बहुधा एथिलिनबरोबर ब्युटीनसारखा सोबती असतो. दोहोंत कार्बन आणि हायड्रोजन, तेही अगदी एकाच प्रमाणात! जाळून पाहिले तरी काही उमगत नाही.

वाट सापडली ती रेडिओलहरींतून. 1946 साली ब्लॉख आणि पर्सेल यांच्या गटांना स्वतंत्रपणे आढळले, की बलवान चुंबकात ठेवलेले अणुगर्भ ठरावीक रेडिओलहरींना साद देतात. शेजारी कोण, यावर ती साद किंचित बदलते. जशी आपल्या रेडिओची सुई सरकवली की वेगळे केंद्र लागते. 1960 साली बोव्ही व टायर्स यांनी याच रीतीने बहुवारिकाची सूक्ष्मरचना वाचली. पुढे कार्बनचीच साद ऐकू येऊ लागली आणि साखळीवर आखूड फांद्या किती, कशा शेजारात, हे मोजता आले. 1982 साली वाइल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी साखळ्या तापमानाच्या क्रमाने विरघळवून वेगळ्या केल्या. तेव्हा दिसले, की एकाच मालात काही साखळ्या फांद्यांनी भरलेल्या, तर काही जवळजवळ बोडक्या असतात.

याचा शेतकऱ्याला उपयोग काय? फांद्या योग्य साखळ्यांवर असल्या, तर साखळ्यांचे घट्ट थर एकमेकांशी बांधले जातात आणि चीर सहजी पसरत नाही. उन्हापासून राखण करते ती नळीत मिसळलेली काजळी. तेव्हा केवळ काळा रंग पाहून फसू नका. आयएस 12786 हे मानक आणि त्याचे चिन्ह पाहून नळी घ्या.

शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, वर्गात दोन रंगांचे मणी न्या. मुलांना तितक्याच मण्यांच्या निरनिराळ्या माळा ओवू द्या. मोजणे आणि क्रम पाहणे यांतला भेद त्यांना आपसूक कळेल.