फुलपाखरू आणि रिव्हेट: एका कळफलकाचा इतिहास

१/१२
बटणाखाली धुळीचा एक कण अडकला, तर लॅपटॉपचा किती भाग बदलावा लागेल? २०१६ नंतरच्या काही वर्षांत ॲपलच्या मॅकबुक प्रोपुरते उत्तर असे होते: संपूर्ण कळफलक, त्याभोवतीची धातूची चौकट आणि तिला चिकटवलेली बॅटरी. हे कसे घडले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/१२
एकेकाळी लॅपटॉपचा कळफलक हा सुटा भाग मानला जाई. आयबीएमच्या, आणि पुढे लेनोवोच्या, अनेक थिंकपॅडमध्ये तळाचे मोजके स्क्रू काढले की तो वर उचलता येई. मदरबोर्डशी त्याचा संबंध एका चपट्या केबलपुरता. बिघडलेला काढून नवा बसवणे हे काही मिनिटांचे काम होते.

३/१२
ॲपलही याला अपवाद नव्हते. १९९९ साली आलेल्या आयबुकचा कळफलक दोन खटके ओढून उचलता येई, कारण वाय-फाय कार्डाची आणि मेमरीची जागा त्याच्याखालीच होती. ग्राहकाने तो स्वतःच्या हाताने उघडावा, हे कंपनीने गृहीतच धरले होते.

४/१२
ऑक्टोबर २००८ मध्ये ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेले मॅकबुक आले. बांधणी भक्कम झाली, पण कळफलक चौकटीच्या आतल्या बाजूस गेला. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरीही गोंदाने चिकटवली गेली. आयफिक्सिट या संस्थेने त्या यंत्राला दुरुस्तीच्या सोयीसाठी १० पैकी १ गुण दिला.

५/१२
मार्च २०१५ मध्ये १२ इंची मॅकबुक जाहीर झाले. जाडी अवघी १३.१ मिलिमीटर. बटणांखालची कात्रीसारखी यंत्रणा एवढ्या जागेत मावेना, म्हणून फुलपाखराच्या पंखांसारखी, मध्यभागी जोडलेली नवी रचना आली. ती ४० टक्के पातळ आणि अधिक स्थिर असल्याचे ॲपलने सांगितले.

६/१२
दोष या पातळपणातच दडला होता. बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जाई. एवढ्याशा पोकळीत धूळ किंवा पावाचा कण शिरला, की बटण अडकून बसे, अक्षर उमटत नसे किंवा एकदा दाबून दोनदा उमटे. जुन्या कात्रीच्या रचनेत असा कण सहसा निरुपद्रवी ठरे.

७/१२
पण बिघाडापेक्षा दुरुस्ती अधिक जाचक होती. २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये कळफलक वरच्या चौकटीला रिव्हेटने, म्हणजे तोडल्याशिवाय न निघणाऱ्या बारीक खिळ्यांनी, जोडला होता. बॅटरीही त्याच चौकटीला चिकटवलेली. त्यामुळे एक बटण बिघडले तरी अनेकदा सगळा जोड बदलावा लागे. वॉरंटी संपलेल्यांसाठी हा खर्च शेकडो डॉलरचा होता.

८/१२
ॲपलचा सल्ला असा होता: लॅपटॉप ७५ अंशांत तिरका धरावा आणि दाबाखालील हवेच्या डब्याने बटणांवर फवारा मारावा. ऑक्टोबर २०१७ मध्ये केसी जॉन्स्टन यांनी ‘द आउटलाइन’मध्ये या कळफलकावर लेख लिहिला. विखुरलेल्या तक्रारींना त्यामुळे सार्वजनिक आवाज मिळाला.

९/१२
मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात ग्राहकांचा सामूहिक दावा दाखल झाला. जूनमध्ये ॲपलने खरेदीपासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. जुलैच्या नव्या यंत्रांत बटणांखाली सिलिकॉनचा पातळ पडदा दिसला. मूळ रचना मात्र तीच राहिली.

१०/१२
मार्च २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जोॲना स्टर्न यांनी आपला लेख काही अक्षरे गाळून छापला, त्यांच्या कळफलकावर तीच अक्षरे नीट उमटत नव्हती. थोड्या ग्राहकांना त्रास होत असल्याचे मान्य करून ॲपलने दिलगिरी व्यक्त केली. नोव्हेंबर २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये कात्रीची रचना परतली आणि मे २०२० पर्यंत नव्या मॅकबुकांतून फुलपाखरू नाहीसे झाले.

११/१२
जुलै २०२२ मध्ये, चूक मान्य न करता, ॲपलने ५ कोटी डॉलरची तडजोड स्वीकारली. चौकट दोन किंवा अधिक वेळा बदलावी लागलेल्यांना ३९५ डॉलरपर्यंत, तर केवळ बटणांच्या टोप्या बदललेल्यांना ५० डॉलरपर्यंत भरपाई ठरली. दुरुस्तीनंतरही बिघाड परतत होता, याची नोंद या दरपत्रकातच आहे. लाभ अमेरिकेतील सातच राज्यांना मिळाला. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला त्यात स्थान नव्हते. योगायोग असा की त्याच महिन्यात भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली.

१२/१२
कात्री परतली, पण त्या १६ इंची यंत्रात रिव्हेट तसेच राहिले. दुसरीकडे २०२१ मध्ये फ्रेमवर्क या अमेरिकन कंपनीने ग्राहकाला स्वतः बदलता येईल असा कळफलक देणारा पातळ लॅपटॉप विक्रीस आणला. पातळपणा आणि दुरुस्ती यांचे वैर अटळ नाही, हे त्यातून दिसले. फुलपाखराचा दोष अभियांत्रिकीचा होता आणि तो पाच वर्षांत दूर झाला. स्क्रूच्या जागी रिव्हेट ठोकणे हा मात्र निर्णय होता. यंत्रातला कोणता भाग कोणाला उघडता यावा, हे असे निर्णय कारखान्यातच ठरवतात. त्यांची किंमत मात्र पुढे, बिघाडाच्या दिवशी, ग्राहक मोजतो.