भिंतीवर कोरलेली सुटका

आज आम्ही तुम्हाला एका भिंतीची गोष्ट सांगणार आहोत. ही भिंत आहे ग्रीस देशात, डेल्फी या ठिकाणी, पार्नासस डोंगराच्या उतारावर. तिथे अपोलो देवाचं मोठं देऊळ होतं. राजेरजवाडे आणि साधी माणसंही लांबून तिथे कौल लावायला येत. देवाच्या वतीने कौल देणारी मात्र एक स्त्री असे. तिला पिथिया म्हणत.

उतारावर देवळासाठी सपाट जागा करायची म्हणून इ. स. पूर्व सहाव्या शतकात एक भक्कम भिंत बांधली गेली. तिचे दगड चौकोनी नाहीत. त्यांच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, पण ते एकमेकांत घट्ट बसवलेले आहेत. पुढे देऊळ पडलं, त्या जागेवर कास्त्री नावाचं गाव वसलं. १८९२ साली फ्रेंच संशोधकांनी तिथे मोठं उत्खनन सुरू केलं. त्यासाठी अख्खं गाव शेजारी हलवलं, आणि माती उपसल्यावर भिंत नीट उजेडात आली.

या भिंतीवर बारीक अक्षरांत सुमारे ८०० लेख कोरलेले आहेत. त्यांतले बहुतेक राजांच्या लढायांचे नाहीत. ते आहेत गुलामांच्या सुटकेचे कागद, म्हणजे दगडावरचे कागद! सगळ्या डेल्फीत मिळून असे हजाराहून जास्त लेख सापडले. ते इ. स. पूर्व २०० च्या सुमारापासून पुढच्या तीनशे वर्षांतले आहेत. सुटका झालेल्या मोठ्या माणसांत निम्म्याहून जास्त स्त्रिया आहेत. कुणी थ्रेसची, कुणी सीरियाची, तर कुणी मालकाच्या घरातच जन्मलेली.

त्या काळी लढाईत पकडलेली, चाच्यांनी पळवलेली माणसं बाजारात विकली जात. गुलाम बाईला स्वतःच्या नावावर व्यवहार करता येत नसे. मग ती सुटणार कशी? यावर डेल्फीत एक तोड निघाली होती. ती आपल्या किमतीचे पैसे देवाच्या हवाली करी, आणि मालक तिला अपोलो देवाला विकी. देव काही तिला धुण्याभांड्याला लावत नसे. देवाने विकत घेतली म्हणजे ती मोकळी झाली.

किंमत साधारण तीन ते पाच मिना चांदी. एक मिना म्हणजे शंभर द्राख्मा. या लेखांच्या दोनशे वर्षं आधी अथेन्समध्ये कसबी कारागिराला दिवसाला एक द्राख्मा मिळे. त्या हिशेबाने चार मिना म्हणजे कारागिराची वर्षभराहून जास्त मजुरी. गुलाम बाईने एवढी रक्कम कशी जमवली असेल, विचार करा. ग्रीसमध्ये ओळखीपाळखीच्या माणसांनी थोडे थोडे पैसे घालून गरजूला उसने द्यायची रीत होती. तिला ‘एरानोस’ म्हणत. डेल्फीच्या काही लेखांत अशा उसनवारीचाही उल्लेख आहे. आपल्या गटातल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता लेखात काय लिहिलेलं असे ते ऐका. मालकाचं नाव, बाईचं नाव, किंमत, पैसे पोचल्याची नोंद, जामीन राहणारा माणूस आणि साक्षीदार. साक्षीदारांत देवळाचे पुजारीही असत. आणि एक अट तर आम्हाला फार मोलाची वाटली. पुढे कुणी या बाईला पुन्हा गुलाम म्हणून धरलं, तर जामिनाने मध्ये पडायचं. एवढंच नाही, तर वाटेने जाणाऱ्या कुणीही तिला सोडवावं आणि त्याबद्दल त्याला दंड होणार नाही, असंही पुष्कळ लेखांत कोरलं आहे. म्हणून तर हे लेख देवळाच्या रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. चारचौघांना माहीत असलेली सुटका मोडणं अवघड जातं.

पण या भिंतीला दुसरी बाजूही आहे. बऱ्याच लेखांत पुढे एक कलम येतं. त्याला ‘परामोने’ म्हणत, म्हणजे सोबत राहणं. बाई मोकळी झाली खरी, पण मालक किंवा मालकीण जिवंत असेपर्यंत तिने त्यांच्याकडेच राहायचं, सांगतील ते काम करायचं, नाही केलं तर शिक्षा भोगायची. काही लेखांत तर तिने आपल्या जागी एक मूल मालकाच्या घरी द्यावं, अशीही अट आहे. या बंधनातून सुटायला काहींनी पुन्हा पैसे भरले, आणि त्या दुसऱ्या सुटकेचाही लेख कोरून घेतला.

पहिल्या ओळींत सुटका आणि खालच्या ओळींत बेडी! दोन्ही एकाच दगडावर, एकाच अक्षरात, त्याच साक्षीदारांसमोर. लिहून ठेवलं म्हणून त्या बायकांना आधार मिळाला, आणि लिहिलेल्या अटींनीच त्यांना बांधूनही ठेवलं. अक्षर कुणाची बाजू घेत नाही. त्यात काय लिहायचं हे कोण ठरवतं, त्यावर सगळं अवलंबून.

आपल्याही हातून कागद जातात. कर्जाचा अर्ज, घराचा उतारा, वाटणीपत्र, हक्कसोड. वरची ओळ गोड असते, सही मागतात खाली. म्हणून आमचं सांगणं एवढंच. येत्या बैठकीत प्रत्येकीने घरातला एक कागद आणावा. जिला वाचता येतं तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचावा, बारीक अक्षरातलाही. साक्षीदार कोण, अटी कोणत्या, आपल्याकडे प्रत आहे की नाही, हे सगळ्यांनी मिळून पाहावं. डेल्फीच्या बायकांची भिंत रस्त्यावर होती. आपले कागद निदान ट्रंकेतून बाहेर तरी येऊ देत.