खाल्किदिकी

ग्रीसच्या उत्तर भागातील मॅसिडोनियात, थेसालोनिकी शहराच्या आग्नेयेस एजियन समुद्रात शिरलेले द्वीपकल्प. प्रशासकीय ठाणे पोलिइरोस. दक्षिणेकडे त्याचे त्रिशूळासारखे तीन फाटे होतात : पश्चिमेस कासांद्रा, मध्ये सिथोनिया, पूर्वेस आथोस. ॲरिस्टॉटलचा जन्म येथल्याच स्तागिरा गावी इ. स. पू. ३८४ मध्ये झाला. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने इ. स. पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केलेल्या ओलिंथस शहराचे रस्ते आणि घरांचे चौथरे उत्खननात उघडे पडले आहेत.

कासांद्रा सखल आणि थेसालोनिकीला जवळचा. त्यामुळे उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तेथील पुळणींवर पाय ठेवायला जागा नसते. अफितोस गावातली जुनी दगडी घरे सोडली, तर हॉटेलांची रांगच मोठी. निवांतपणा हवा असेल, तर सिथोनिया बरा. पाइनची झाडे येथे थेट पाण्यापर्यंत उतरतात. कावुरोत्रिपेसला सलग पुळण अशी नाहीच : फिकट, गुळगुळीत खडकांच्या बेचक्यांत वाळूचे छोटे छोटे तुकडे आणि तळ दिसेल इतके नितळ पाणी. समोर, खाडीपलीकडे, २,०३३ मी. उंचीचा आथोस पर्वत.

आथोसच्या चिंचोळ्या मानेतून इराणचा सम्राट झर्क्सीझ याने सुमारे दोन कि.मी. लांबीचा कालवा खणला. त्याआधी, इ. स. पू. ४९२ मध्ये, याच भूशिराला वळसा घालताना इराणी आरमार वादळात फुटले होते. हिरोडोटस सांगतो, की इतरांनी सरळ उभे काठ खणले आणि ते ढासळत राहिले. फिनिशियनांनी मात्र वरचे तोंड दुप्पट रुंद ठेवून उतार दिला. कालवा आता पूर्ण बुजला आहे.

आथोसवर इ. स. ९६३ मध्ये अथानासियोसने महालाव्रा मठ स्थापला. आज येथे वीस मठ असून त्यांत सर्बियन, बल्गेरियन व रशियन परंपरेचा प्रत्येकी एक आहे. ग्रीसच्या सार्वभौमत्वाखाली हा प्रदेश स्वायत्त आहे. कारभार कारिएसहून चालतो. पंचांग जुलियन, आणि बहुतेक मठांची घड्याळे सूर्यास्ताला बारावर लावतात. स्त्रियांना प्रवेश नाही. पुरुषांनाही परवाना लागतो. ऑर्थोडॉक्स नसलेल्यांना असे परवाने रोज जेमतेम दहा मिळतात. १९८८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. ज्या वारशाकडे निम्मी मानवजात केवळ लांबून पाहू शकते, त्याला जगाचा म्हणणे थोडे धाडसाचेच.

पुळणी आणि मठ ही दोन वेगळी जगे वाटली, तरी त्यांचे सातबारे एकत्र होते असे म्हणता येईल. कासांद्रा व सिथोनियातील कितीतरी जमीन शतकानुशतके मठांच्या इनामाची होती. १९२२ नंतर आशिया मायनरमधून आलेल्या ग्रीक निर्वासितांसाठी सरकारने ती मोठ्या प्रमाणावर घेतली. ‘नेआ’ म्हणजे नवे, या शब्दाने सुरू होणारी अनेक गावे तेव्हाची. आजच्या खोल्या आणि खानावळी बऱ्याच अंशी त्याच जमिनीवर उभ्या आहेत.

आथोसला जायचे ते उरानुपोलीच्या धक्क्यावरून. परवानाधारक दाफ्नी बंदरात उतरतात. इतरांसाठी किनाऱ्यापासून अंतर राखून जाणाऱ्या सहलीच्या बोटी आहेत. सिमोनोपेत्रा मठाचे कड्यावर तरंगणारे लाकडी सज्जे बोटीतूनच अधिक चांगले दिसतात.