डाउंटनचं पाच भोकांचं हेड

साल १९६२. इंग्लंडच्या विल्टशरमधल्या डाउंटन गावात, इंजिनांची ताकद वाढवून देणाऱ्या डॅनियल रिचमंड यांच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही उभे आहात. नाकात रॉकेलचा वास. बाकावर ऑस्टिन मिनीचं बिडाचं सिलिंडर हेड उपडं पडलंय. इंजिन ८४८ सीसी, ताकद ३४ अश्वशक्ती. कारागीर म्हणतो, बाजूची भोकं मोजा. मोजता, तर पाचच! चार सिलिंडरांना हवा घ्यायला दोन, धूर टाकायला तीन.

दुखणं इथंच आहे. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरचा इनटेक पोर्ट सामाईक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, त्यामुळे दुसऱ्याचा व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आत पहिल्याचा उघडतो. एका नळावर दोन हंडे. तिसऱ्या-चौथ्याचीही तीच ओढाताण. मग भोकच मोठं करावं? तसं केलं की हवेचा वेग पडतो आणि कमी आरपीएमला गाडी मरगळते.

आता ग्राइंडर तुमच्या हातात. पोर्टच्या भिंतीकडे वळताच कारागीर तुमचं मनगट धरतो. भिंतीपलीकडे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट आहे. एक भोक पडलं की हेड भंगारात. तो तुमचं बोट व्हॉल्व्हच्या सीटखाली नेतो. तिथं ओतकामाची धार लागते, गाइडचा उंचवटा लागतो, हवेला वळायचं तिथला कोपराही तीक्ष्ण. खरी कमाई या बोटभर जागेत आहे. तुम्ही धार मारता, कोपरा गोलावता, पुन्हा बोट फिरवता. आरशासारखी चकाकी मात्र इनटेकला नको. किंचित खरखरीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब साचून राहत नाहीत. मॅनिफोल्डचं तोंड पोर्टच्या तोंडाशी जुळवायचं, पायरी राहू द्यायची नाही.

मग चेंबरवर काच बसवून ब्युरेटनं रॉकेल सोडता. चारही चेंबर सारखे भरेपर्यंत घासणं चालू. घासल्यानं चेंबर वाढले, म्हणजे कॉम्प्रेशन उतरलं. ते परत मिळवायला हेडचा तळ तासायचा, म्हणजेच फेस मारायचा. माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा भाग हे मोजणंच आहे. नुसतं कोरणं कुणालाही जमतं.

आपल्या ॲम्बॅसॅडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिनही मिनी बनवणाऱ्या बीएमसी कंपनीच्याच घराण्यातलं, त्याच्या हेडलाही हीच पाच भोकं. तुमच्याकडे तशी गाडी असेल, तर ग्राइंडर लावण्याआधी चारही चेंबर मोजून आकडे लिहून ठेवा.