क्रेडिट कार्डातून निघालेला गुप्तहेर

‘जॉनी इंग्लिश’ हा २००३चा चित्रपट बाँडपटांची टर उडवतो, हे सांगायला जाणकार लागत नाही. रोवन ॲटकिन्सनचा हा गुप्तहेर सूट कडक घालतो, भुवई नेमकी उचलतो आणि पुढच्या क्षणी सगळं स्वतःच्या हातानं मातीत घालतो. त्याचं कूळ शोधायला गेलं, तर वाट बाँडचा जनक इयान फ्लेमिंग याच्या कादंबऱ्यांआधी एका क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीत येऊन थांबते.

बार्कलेकार्ड हे ब्रिटनमधलं पहिलं क्रेडिट कार्ड, १९६६चं. १९८०च्या दशकात त्याच्या जाहिरातींत ॲलन व्हिकर हा टीव्हीवरचा नावाजलेला प्रवासी झळकायचा. जग पालथं घातलेला माणूस सांगतोय, म्हणजे कार्ड कुठंही चालत असणार! पुढच्या दशकाच्या सुरुवातीला ॲटकिन्सनचा रिचर्ड लेथम आला. सारखं परदेशी जायला निमित्त हवं, तर गुप्तहेराइतका सोयीचा धंदा दुसरा कोणता? लेथम तोऱ्यातला, जुन्या वळणाचा. असलं प्लॅस्टिक खिशात बाळगणं त्याला कमीपणाचं वाटे. मग व्हायची ती फजिती व्हायची आणि हाताखालचा बॉफ मुकाट्यानं कार्ड पुढे करायचा. बॉफ झाला होता हेन्री नेलर. या जाहिराती दिग्दर्शित केल्या जॉन लॉइडनं. ‘ब्लॅकॲडर’ या ॲटकिन्सनच्या गाजलेल्या मालिकेचा निर्माताही तोच.

जाहिरातीची अडचण अशी की, नायक कितीही मूर्ख दाखवला तरी माल शहाणा दिसायला हवा. गिऱ्हाइकानं हसायचं लेथमला आणि विश्वास ठेवायचा बॉफवर. चित्रपट झाला तेव्हा कार्ड गळालं, लेथमचा इंग्लिश झाला, नेलरच्या जागी बेन मिलर आला. पण साहेबाला येत नाही आणि हाताखालच्याला सगळं कळतं, ही मांडणी जशीच्या तशी राहिली. चित्रपटाचा खरा जीव तिच्यातच आहे. बॉफ एकदाही साहेबाचा पाणउतारा करत नाही. तो फक्त खाली मान घालून निस्तरतो.

जाहिरातींतले काही विनोदही तसेच उचलले गेले. बेशुद्ध करणारी सुई सोडणारं बॉलपेन हा त्यातला एक. अडाण्याला हे साधं पेन वाटेल, असं इंग्लिश ऐटीत समजावून सांगतो, खटका दाबतो आणि भलतंच माणूस आडवं होतं.

बाँडची थट्टा त्याआधीही चाळीसेक वर्षं चालू होतीच. १९६४च्या ‘कॅरी ऑन स्पाइंग’मध्ये चार्ल्स हॉट्रीच्या पात्राचं नाव जेम्स बाइंड ठेवायचं ठरलं होतं. बाँडपटांचे निर्माते आल्बर्ट ब्रॉकली यांनी हरकत घेतल्यावर जेम्सचा चार्ली झाला. १९६७च्या ‘कसिनो रॉयाल’नं एकाच चित्रपटात इतके बाँड उभे केले की त्यात विनोदच हरवला. १९९७पासून माइक मायर्सच्या ‘ऑस्टिन पॉवर्स’नं साठच्या दशकाचे झगमगीत कपडे पुन्हा बाहेर काढले. या सगळ्यांनी बाहेर उभं राहून दगड मारले.

‘जॉनी इंग्लिश’चं तसं नव्हतं. विल्यम डेव्हिसबरोबर त्याची पटकथा लिहिणारे नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड हे बाँडचेच लेखक. त्यांचा ‘डाय अनदर डे’ नोव्हेंबर २००२मध्ये लागला. त्यात बाँडची ॲस्टन मार्टिन अदृश्य होते, आणि हे प्रेक्षकांनी गंभीरपणे घ्यायचं होतं! पुढच्याच वसंतात इंग्लिशची ॲस्टन मार्टिन उचलून नेणाऱ्या गाडीच्या आकड्याला लोंबकळत लंडनच्या रस्त्यांवर पाठलाग करताना दिसली. पाठलाग करायचा एका शववाहिकेचा. वाटेत घोटाळा होतो आणि इंग्लिश भलत्याच अंत्यविधीत घुसून शोकाकुल मंडळींना नाटकं बंद करा म्हणून दरडावू लागतो. दुसरीच कुठली गाडी आली आहे हे बॉफला कळतं, आणि साहेब हा वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेला रुग्ण आहे असं सांगून तो त्याला बाहेर काढतो. पेनांच्या आणि गाड्यांच्या सगळ्या करामतींपेक्षा हा प्रसंग सरस आहे.

खुद्द ॲटकिन्सनही बाँडच्या घरात जाऊन आलेला होता. १९८३मध्ये शॉन कॉनरीच्या ‘नेव्हर से नेव्हर अगेन’मध्ये बहामातला धांदरट ब्रिटिश अधिकारी नायजेल स्मॉल-फॉसेट त्यानंच रंगवला होता.

चार कोटी डॉलरच्या पहिल्या ‘जॉनी इंग्लिश’नं जगभरात सुमारे १६ कोटी मिळवले. त्यानंतरच्या दोन्ही भागांची कमाई जवळपास तेवढीच. अमेरिकेचा वाटा मात्र पहिल्यापासून तुटपुंजा. २०११च्या दुसऱ्या भागात बॉफ नव्हता. त्याच्या जागी डॅनियल कलूयाचा टकर आला. तो हुशार होता, पण नवखा. साहेबाच्या चुका पाठ झालेला माणूस नव्हे. २०१८च्या तिसऱ्या भागात मिलर परतला. मधल्या काळात बॉफचं लग्न झालं होतं. बायको नौदलात कॅप्टन होती, आणि या खेपेला अडचणीत सापडलेल्या इंग्लिशसाठी बॉफनं जे काढलं ते कार्ड नव्हतं, तिची पाणबुडी होती.