मानववंशशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी आंतरवासिता आणि श्रेयांक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रम आराखड्यात आंतरवासितेसाठी, म्हणजेच इंटर्नशिपसाठी, २ ते ४ श्रेयांकांची तरतूद करण्यात आली आहे. एका श्रेयांकासाठी ३० तासांचे काम अपेक्षित असल्याने हा कालावधी ६० ते १२० तासांचा होतो.

मानववंशशास्त्रात क्षेत्रकार्य हा अध्ययनाचा कणा मानला जातो. मात्र दिवसाला आठ तास धरले, तर १२० तास म्हणजे अवघे पंधरा दिवस. अपरिचित वस्तीत विश्वास संपादन करण्यास हा अवधी अपुरा पडतो. त्यामुळे स्वतंत्र संशोधनापेक्षा अनुभवी संशोधकाच्या सुरू असलेल्या प्रकल्पात साहाय्य करणे अधिक फलदायी ठरते. मुलाखतींचे लिप्यंतर, वंशावळींची मांडणी आणि संग्रहालयातील वस्तूंची नोंदणी ही कामे यात येतात.

१९४५ मध्ये स्थापन झालेली आणि कोलकाता येथे मुख्यालय असलेली भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण संस्था तसेच भोपाळचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय या क्षेत्रातील प्रमुख शासकीय संस्था आहेत. सर्वेक्षण संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र नागपूर येथे आहे.

काम स्वीकारण्यापूर्वी महाविद्यालयाची लेखी संमती घेणे हिताचे असते. अन्यथा श्रेयांकांबाबत अडचण उद्भवू शकते. श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. माहिती देणारे ग्रामस्थ मात्र आपला वेळ विनामोबदला देतात. म्हणूनच त्यांना हेतू समजावून सांगून त्यांची संमती घेणे आणि ओळख गोपनीय राखणे, हे या प्रशिक्षणाचे पहिले कर्तव्य ठरते.